रॅकेटची निवड : हात, मूठ आणि जाळी

टेनिसचा चेंडू रॅकेटच्या जाळीवर किती काळ टेकतो, हे मोजले असता तो काळ सुमारे ५ सहस्रांश सेकंद एवढाच भरतो. सामना दोन तास चालला आणि त्यात एका खेळाडूने ५०० फटके मारले, तरी त्याच्या रॅकेटचा चेंडूशी प्रत्यक्ष संबंध सर्व मिळून अडीच सेकंदच येतो. परंतु या अल्प काळात घडणारी घटना मोठी असते. ताशी ९० किलोमीटर वेगाने आलेला ५८ ग्रॅम वजनाचा चेंडू ताशी १०८ किलोमीटर वेगाने परतवावयाचा झाल्यास, त्या ५ सहस्रांश सेकंदात जाळीला त्यावर सरासरी सुमारे ६४० न्यूटन बल लावावे लागते. एका प्रौढ मनुष्याच्या वजनाएवढे हे बल होय. क्रियेस प्रतिक्रिया असतेच. जेवढे बल चेंडूवर, तेवढेच उलट दिशेने रॅकेटवर. आणि रॅकेटमागे असतो तो खेळाडूचा हात.

रॅकेटच्या निवडीचा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीचा किंवा किंमतीचा राहत नाही. बाजारात रॅकेट घेणारा मनुष्य बहुधा तिचा रंग पाहतो, तिच्यावरील नाव वाचतो आणि एखादा विख्यात खेळाडू तीच वापरतो काय, याची चौकशी करतो. ती रॅकेट आपल्या हाताची आहे काय, हा प्रश्न मात्र तो क्वचितच विचारतो. वस्तुतः रॅकेट हा एक सौदा आहे. ती वेग देते तेव्हा ताबा थोडा कमी करते. फिरकी देते तेव्हा मऊपणा काढून घेते. या देण्याघेण्याचा हिशेब शेवटी कोपर, मनगट आणि खांदा यांनाच चुकता करावा लागतो.

लाकडापासून ग्राफाइटपर्यंत

हिरवळीवरील टेनिसच्या साहित्याचे पेटंट मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी इंग्लंडमध्ये १८७४ साली घेतले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे रॅकेट प्रामुख्याने लाकडाचीच राहिली. अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेने वाकवून, एकमेकींवर चिकटवून तिची चौकट तयार होई. अशा रॅकेटचे वजन ३७० ते ४०० ग्रॅम असे आणि जाळीचे क्षेत्रफळ साधारणतः ६५ ते ७० चौरस इंच भरे. जाळी याहून मोठी करण्यास लाकूड अनुकूल नव्हते. कारण दोऱ्यांच्या ताणाखाली मोठी चौकट वाकडी होई. दमट हवेत तर लहान चौकटही पिळली जाई, आणि म्हणून खेळ संपताच ती लाकडी दाबपट्टीत स्क्रूने आवळून ठेवण्याची पद्धत होती.

ही मर्यादा ओलांडण्याचे श्रेय हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याला जाते. धातूच्या स्की बनवून त्याने पूर्वीच नाव मिळवले होते. प्रौढ वयात तो टेनिसकडे वळला. परंतु चेंडू जाळीच्या मध्यापासून जरा बाजूला लागला की रॅकेट हातात फिरते, हा त्रास त्याला सतत होई. त्याने या त्रासाकडे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. कोणतीही वस्तू स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्यास जो विरोध करते, तो तिच्या वस्तुमानावर तर अवलंबून असतोच. पण ते वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे, याच्या वर्गावर तो अवलंबून असतो. या राशीस निरूढी-परिबल असे म्हणतात. चौकटीच्या दोन्ही कडा अक्षापासून दूर नेल्या, तर वजन न वाढवताही रॅकेटचे पिळणे कमी होईल, हे हेडच्या ध्यानात आले. १९७६ साली प्रिन्स कंपनीने त्याची ११० चौरस इंच जाळीची अ‍ॅल्युमिनियम रॅकेट बाजारात आणली. आरंभी तिची थट्टा झाली. पुढे कार्बन तंतूंची, म्हणजे ज्यांना व्यवहारात ग्राफाइट म्हणतात अशी, हलकी व ताठ चौकट आली, तेव्हा लाकूड मागे पडले. आज प्रौढांच्या बहुसंख्य रॅकेटांची जाळी ९५ ते १०५ चौरस इंचांची असते.

थोर खेळाडूही या नियमाला अपवाद नाहीत. रॉजर फेडरर याने आपल्या वैभवाच्या काळात ९० चौरस इंचांची रॅकेट वापरली. परंतु वयाची बत्तीस वर्षे उलटल्यानंतर, २०१४ पासून, तो ९७ चौरस इंचांच्या रॅकेटकडे वळला. हात आणि काळ बदलला, तशी रॅकेटही बदलली.

वजन आणि तोल

दुकानात रॅकेट हातात घेतल्यावर जे जाणवते ते तिचे वजन. खेळताना मात्र प्रत्ययास येते ते तिचे निरूढी-परिबल. हा भेद समजण्यास घरातील हातोडी पुरेशी आहे. हातोडी दांड्याने धरून हवेत फिरवावी आणि नंतर तीच लोखंडी टोकाकडून धरून फिरवावी. वजन तेच राहते, परंतु दुसऱ्या वेळी ती किती हलकी वाटते! रॅकेटचेही असेच आहे. मुठीकडे जड असलेली ३२० ग्रॅमची रॅकेट टोकाकडे जड असलेल्या २८० ग्रॅमच्या रॅकेटपेक्षा सहज फिरू शकते.

याचा हिशेब करून पाहता येतो. मुठीच्या बुडापासून १० सेंटिमीटरवर फिरण्याचा अक्ष मानला, तर जाळी विणलेल्या सामान्य रॅकेटचे निरूढी-परिबल सुमारे ३२० किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटर असते. ६८·५ सेंटिमीटर लांबीच्या रॅकेटच्या टोकाला शिशाची ५ ग्रॅमची पट्टी चिकटवली, तर ती अक्षापासून ५८·५ सेंटिमीटरवर येते आणि परिबलात सुमारे १७ एककांची भर घालते. वजन दोन टक्क्यांहूनही कमी वाढले. फिरवण्याचे श्रम मात्र पाच टक्क्यांहून अधिक वाढले. तीच पट्टी मुठीवर अक्षाच्या ठिकाणी लावल्यास परिबलात जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

हलकी रॅकेट हाताला सुखकर असते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. हलकी रॅकेट फिरवण्यास सोपी असते. परंतु येणाऱ्या चेंडूपुढे ती अधिक मागे रेटली जाते आणि तो धक्का हातापर्यंत पोहोचतो. जड रॅकेट धक्का स्वतः सोसते. परंतु हात थकला की ती चेंडूपर्यंत उशिरा पोहोचते, आणि उशिरा घेतलेला फटका मनगटाला पिळवटतो. म्हणून जुन्या शिक्षकांचा नियम आजही ग्राह्य आहे : पूर्ण सामनाभर, शेवटच्या सेटमध्येही, वेळेवर फिरवता येईल अशी जास्तीत जास्त जड रॅकेट निवडावी. नवशिक्या प्रौढास जाळीविना २६० ते २९० ग्रॅमची चौकट बहुधा पुरते.

मुलांच्या बाबतीत याहून अधिक दक्षता हवी. मोठ्या भावाची रॅकेट धाकट्याच्या हाती देणे, ही आपल्याकडील जुनी काटकसर होय. परंतु नऊ वर्षांच्या मुलाने ६८·५ सेंटिमीटरची रॅकेट फिरवणे म्हणजे त्याने मोठ्यांचे जोडे घालून धावण्यासारखे आहे. मुलांकरिता १९ इंचांपासून २६ इंचांपर्यंत निरनिराळ्या लांबीच्या रॅकेटा मिळतात. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा चेंडू न वापरता मंद गतीचे चेंडू वापरावेत, असा आंतरराष्ट्रीय नियमही २०१२ पासून लागू झाला आहे.

मुठीचे माप आणि आकार

रॅकेटचा जो एकच भाग शरीराला स्पर्श करतो, त्याकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते. मुठीचा घेर ४ इंचांपासून ४ ५/८ इंचांपर्यंत, इंचाच्या अष्टमांशाने वाढत जातो. युरोपीय पद्धतीत हीच मापे ० ते ५ या अंकांनी दर्शवतात. ४ १/४ इंच म्हणजे २ अंक आणि ४ ३/८ इंच म्हणजे ३ अंक. आपले माप काढण्याची रीत सोपी आहे. तळहात उघडून बोटे सरळ ठेवावीत आणि अनामिकेच्या टोकापासून तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. ते अंतर मुठीच्या घेराच्या जवळपास येते. पडताळ्यासाठी रॅकेट नेहमीप्रमाणे धरावी. अनामिकेचे टोक आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी बसली, तर माप योग्य समजावे.

लहान मुठीमुळे टेनिस एल्बो होतो, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, महाविद्यालयीन खेळाडूंच्या हाताचे स्नायू किती जोराने काम करतात हे विद्युत्‌-संकेतांनी मोजले गेले. शिफारस केलेल्या मापापेक्षा पाव इंच लहान किंवा मोठी मूठ दिल्याने स्नायूंच्या श्रमात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ माप निरर्थक आहे असा नव्हे. हातात बसणारी मूठ सैलसर धरूनही स्थिर राहते, आणि घट्ट आवळण्याची गरज उरत नाही, हा तिचा खरा लाभ होय. चेंडू जाळीवर जेमतेम ५ सहस्रांश सेकंद असतो. धक्का जाणवून स्नायूंनी उत्तर देण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो. अर्थात आघात जाणवल्यावर मूठ आवळून फटका सुधारत नाही. धक्का आणि कंपने मात्र अधिक प्रमाणात हातात शिरतात.

घेराइतकाच आकारही महत्त्वाचा आहे. मूठ गोल नसून अष्टकोनी असते, आणि तिचे आठही पैलू सारखे नसतात. काही कारखान्यांची मूठ चपटी, म्हणजे एका बाजूने रुंद असते. काहींची चौरसाकडे झुकते. घेर एकच असूनही दोन मुठी हाताला भिन्न वाटतात, त्याचे कारण हेच. पैलूंचे काम हाताला दिशा सांगण्याचे आहे. रॅकेटची कड जमिनीशी काटकोनात उभी धरली असता वरच्या पैलूस पहिला क्रमांक देतात आणि उजव्या हाताच्या खेळाडूकरिता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढे मोजतात. तर्जनीच्या मुळाचा सांधा दुसऱ्या पैलूवर टेकला तर ती कॉन्टिनेन्टल पकड, तिसऱ्यावर ईस्टर्न फोरहँड, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणारा खेळाडू एका क्षणात पकड बदलतो, ती डोळ्यांनी पाहून नव्हे. पैलूंच्या कडा त्याच्या बोटांना मार्ग दाखवतात.

घाम टिपण्यासाठी मुठीवर जी पातळ पट्टी गुंडाळतात, ती या कडा बोथट करते आणि घेरही सुमारे अर्ध्या मापाने वाढवते. आपल्याकडील उन्हाळ्यात आणि किनाऱ्यावरील दमट हवेत पट्टीवाचून भागत नाही. म्हणून पट्टी गुंडाळण्याचा विचार असल्यास मूठ किंचित लहान घेणे शहाणपणाचे ठरते. लहान मूठ जाड करता येते. मोठी मूठ तासून लहान करणे कठीण, आणि अनेक आधुनिक चौकटींत अशक्यच असते.

जाळी : तात, नायलॉन आणि पॉलिएस्टर

चौकट कितीही महाग असो, चेंडूला स्पर्श करते ती जाळी. आपल्या बाजारात तिला ‘गटिंग’ म्हणतात, आणि त्या शब्दात तिचा इतिहास दडलेला आहे. कारण जाळी मूळची आतड्याच्या तातेची. फ्रान्समधील लिआँ येथे पिएर बाबोला यांनी १८७५ मध्ये टेनिसकरिता अशी तात बनवली. तातेची स्थितिस्थापकता उत्तम असते. ताण दीर्घकाळ टिकतो आणि हाताला ती मऊ लागते. परंतु ती महाग असते आणि पाणी शोषून फुगते. मुंबई, कोकण, गोवा किंवा बंगाल येथील पावसाळ्यात तिचे पीळ लवकर उलगडतात. नायलॉन आल्यानंतर सामान्य खेळाडूला स्वस्त व ओलाव्याला न भिणारी दोरी मिळाली. अनेक बारीक तंतू एकत्र वळून केलेली नायलॉनची दोरी तातेच्या बरीच जवळ जाते.

पॉलिएस्टरने मात्र खेळच बदलला. १९९७ साली ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन याने पॉलिएस्टरच्या दोऱ्यांनी फ्रेंच स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. या दोऱ्या ताठ आणि गुळगुळीत असतात. चेंडूवर घासून मारलेल्या फटक्यात उभ्या दोऱ्या आडव्या दोऱ्यांवरून बाजूला सरकतात आणि चेंडू सुटण्यापूर्वीच झटक्याने मूळ जागी परततात. परतताना त्या चेंडूला अधिक फिरकी देतात. हे तत्त्व एकदा खेळाला फार अडचणीचे ठरले होते. १९७७ साली वेर्नर फिशर या जर्मन माणसाच्या कल्पनेतील ‘स्पॅगेटी’ रॅकेट गाजली. तिच्या उभ्या दोऱ्या दोन थरांत असून त्या मोकळेपणाने सरकत. त्या वर्षी ऑक्टोबरात इली नस्तासे याच्या हातातील अशा रॅकेटपुढे गिलेर्मो विलास याने सामना अर्धवट सोडला. रॅकेट म्हणजे काय, याची व्याख्या तोपर्यंत नियमांत नव्हतीच. १९७८ मध्ये ती करावी लागली. आज रॅकेटची लांबी २९ इंचांपेक्षा अधिक असता कामा नये आणि जाळी सपाट व एकसारखी विणलेली असावी लागते.

जाळीच्या ताणाबद्दलही एक गैरसमज रूढ आहे. घट्ट जाळी चेंडूला जोराने फेकते असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. नियमानुसार २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठावर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळावा लागतो. म्हणजे चेंडू स्वतः चेपताना आपली सुमारे निम्मी ऊर्जा घालवतो. दोऱ्या मात्र ताणल्या असता साठवलेल्या ऊर्जेचा नऊ-दशांशांहून अधिक भाग परत देतात. जाळी सैल असेल तर ती अधिक दबते, चेंडू कमी चेपतो आणि ऊर्जा वाचते. घट्ट जाळीत चेंडू अधिक चेपतो व वेग किंचित घटतो. अनुभवी खेळाडूला तेथे ताबा अधिक वाटतो, परंतु धक्काही तीव्र होतो. चौकटीवर ताणाची मर्यादा छापलेली असते. ती सामान्यतः १८ ते २७ किलोग्रॅमांच्या, म्हणजे ४० ते ६० पौंडांच्या, दरम्यान येते. नवशिक्याने मर्यादेच्या मध्यापासून आरंभ करावा. पॉलिएस्टर वापरल्यास ताण त्याहून थोडा कमीच ठेवावा.

पॉलिएस्टरचा आणखी एक दोष न दिसणारा आहे. तिचा ताण लवकर उतरतो. दोरी तुटत नाही, पण तिचा जीव गेलेला असतो. मे महिन्यातील उन्हात बंद मोटारीत ठेवलेली रॅकेट ताण आणखी लवकर गमावते. तुटेपर्यंत तीच जाळी वापरण्याची काटकसर म्हणूनच खोटी ठरते. आठवड्यात जितक्या वेळा खेळावे, तितक्या वेळा वर्षात जाळी नवी विणावी, असा एक व्यावहारिक नियम आहे. दोन प्रकारच्या दोऱ्या एकत्र विणण्याचाही मार्ग आहे. फेडरर उभ्या दोऱ्या तातेच्या व आडव्या पॉलिएस्टरच्या वापरत असे.

हाताचा हिशेब

टेनिस एल्बो या विकारात कोपराच्या बाहेरील हाडाशी, मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा जेथे जोडलेली असते, तेथे दुखावते. नाव टेनिसचे असले तरी हा विकार होणारे बहुसंख्य लोक टेनिस खेळत नाहीत. सुतार, रंगारी, गृहिणी अशा कोणासही तो होतो. मुंबईचा सचिन तेंडुलकर याला २००४ मध्ये याच दुखण्याने सामने सोडावे लागले आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. एकच ताण हजारो वेळा पडणे, हे त्यामागचे समान सूत्र.

रॅकेट या ताणात कोठे भर घालते, हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील भौतिकीविद हॉवर्ड ब्रॉडी यांच्या १९७९ पासूनच्या अभ्यासांनी स्पष्ट केले. ज्याला खेळाडू जाळीचा ‘गोड बिंदू’ म्हणतात, ते स्थान एक नसून तीन आहेत : चेंडू सर्वाधिक वेगाने परतणारे, हाताला धक्का कमीत कमी बसणारे आणि कंपने निर्माण न होणारे. यांतील तिसरे स्थान घरी शोधता येते. मुठीच्या बुडापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर रॅकेट दोन बोटांत सैल धरून लोंबकळू द्यावी आणि जाळीवर ठिकठिकाणी बोटाच्या पेराने ठोकावे. मध्याजवळ एका जागी चौकटीची थरथर नाहीशी होते. तेथून दूर जाताच ती पुन्हा जाणवते. दोऱ्यांत खोचलेल्या रबरी बटणाने ही थरथर थांबते असे पुष्कळांना वाटते. ते बटण दोऱ्यांचा उंच स्वर बंद करते. शंभर पटींहून जड चौकटीचे कंपन रोखण्याची शक्ती त्यात नसते.

सर्वांत कठोर सौदा कोणता, हे यावरून ठरवता येते : हलकी, ताठ चौकट, तीत घट्ट विणलेली, जुनी झालेली पॉलिएस्टरची जाळी, आणि घट्ट आवळलेली मूठ. दुर्दैवाने विख्यात खेळाडूंचे अनुकरण करणाऱ्या तरुणाच्या हाती नेमका हाच संच येतो. त्या खेळाडूचे शरीर वर्षानुवर्षांच्या व्यायामाने घडलेले असते आणि त्याची जाळी वरचेवर बदलली जाते, हे तो विसरतो.

निवड करणाऱ्याने म्हणून क्रम उलटा धरावा. प्रथम हात मोजून मूठ ठरवावी. मग शक्य असल्यास दोन-तीन रॅकेटा उसन्या घेऊन प्रत्येकीने निदान तासभर खेळावे, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणती वेळेवर फिरते, हे पाहावे. चौकटीवर मोठी रक्कम खर्चण्याऐवजी थोडी रक्कम चांगल्या जाळीसाठी राखून ठेवावी; मऊ नायलॉनने आरंभ करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला उचलताना कोपराच्या बाहेरील बाजूस कळ आली, तर खेळ थांबवून आधी जाळीचा ताण, मग मूठ, आणि मग फटका मारण्याची रीत तपासावी. कळ राहिली तर वैद्याचा सल्ला घ्यावा. रॅकेट बदलता येते, जाळी नवी विणता येते. हात मात्र एकच जोडी मिळालेला असतो.